लोकप्रतिनिधींना मिळणारा सरकारी पैसा आणि त्याची जाहीर नोंद

लोकप्रतिनिधीला सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा तीन वाटांनी त्याच्यापर्यंत पोहोचतो. पहिली वाट वेतन, भत्ते आणि पुढे निवृत्तिवेतन यांची असून हे पैसे तो सभागृहाचा सदस्य आहे किंवा होता म्हणून मिळतात. दुसरी वाट प्रतिपूर्तीची, म्हणजे आधी खिशातून केलेला खर्च देयक सादर करून परत मिळवण्याची आहे. प्रवास, औषधोपचार आणि देशोदेशीच्या नियमांनुसार निवास किंवा कार्यालय यांचा खर्च तिच्यात येतो. तिसऱ्या वाटेचा सदस्यत्वाशी वरकरणी काहीच संबंध नसतो: तोच माणूस शेतकरी म्हणून अनुदान घेतो, भागीदार म्हणून सरकारी कंत्राट मिळवतो, संस्थाचालक म्हणून शाळेचे वेतन-अनुदान किंवा कारखान्याच्या कर्जाला सरकारी थकहमी मिळवतो. जाहीर चर्चा बहुधा पहिल्या वाटेवरच थांबते, कारण तिचे आकडे कायद्यात छापलेले असतात आणि ते वाढले की बातमी होते. परंतु दर जाहीर होणे आणि अमुक सदस्याला अमुक महिन्यात प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली हे जाहीर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात पहिली गोष्ट झालेली आहे; दुसरी करण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने सरसकट घातलेले नाही, आणि या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचे वर्षाला ५ कोटी रुपये किंवा महाराष्ट्रात २०२२ पासून ५ कोटींवर गेलेला आमदार निधी हा लोकप्रतिनिधीला मिळणारा पैसा नव्हे. तो केवळ कामे सुचवतो आणि खर्च जिल्हा यंत्रणा करते. या निधीच्या वापराबद्दल पुष्कळ बोलता येण्याजोगे असले, तरी तो विषय निराळा आहे.

लोकप्रतिनिधीला पगार असावा की नसावा, हा वाद जगात बऱ्याच अंशी मिटलेला आहे आणि तो मिटला हे चांगलेच झाले. इंग्लंडमधील चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या सनदेत संसद सदस्यांना वेतन द्यावे ही मागणी केली होती, कारण बिनपगारी संसद ही जमीनदार आणि कारखानदार यांचीच संसद राहते हे तिथल्या कामगारांना दिसत होते. ती मागणी प्रत्यक्षात यायला १९११ उजाडले आणि तेव्हा वर्षाला ४०० पौंड ठरले. भारताच्या राज्यघटनेने हा प्रश्न अनुच्छेद १०६ मध्ये संसदेसाठी आणि अनुच्छेद १९५ मध्ये राज्य विधानमंडळांसाठी सोडवला: वेतन व भत्ते संबंधित सभागृहांनी कायद्याने ठरवावेत. त्यानुसार केंद्राचा कायदा १९५४ साली आला आणि खासदाराला दरमहा ४०० रुपये व दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. महाराष्ट्रातील कायदा १९५६ चा आहे. शेतमजुराच्या घरातून किंवा गिरणगावाच्या चाळीतून निवडून आलेल्या माणसाला मुंबईत राहून काम करता यावे, यासाठी ही तरतूद आवश्यकच होती. म्हणून नावानिशी हिशेब मागणे म्हणजे वेतनाला विरोध करणे नव्हे. पगार सन्मानाचा असावा आणि तो उघड्यावर दिला जावा, असे म्हणणाऱ्याच्या भूमिकेत कोणतीही विसंगती नाही.

अडचण अशी की घेणारे आणि ठरवणारे एकच आहेत. २०१० साली खासदारांचे वेतन १६,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांवर गेले, तेव्हा केंद्रीय सचिवापेक्षा एक रुपया अधिक म्हणजे ८०,००१ रुपये मिळावेत अशी मागणी पुढे आली होती. २०१८ च्या वित्त कायद्याने वेतन १ लाख रुपये केले आणि ते दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप सुधारावे अशी व्यवस्था लावून दिली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये ते १,२४,००० रुपये झाले, वाढ १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि माजी खासदाराचे किमान निवृत्तिवेतन २५,००० रुपयांवरून ३१,००० रुपयांवर गेले. वाढ स्वयंचलित केल्यामुळे सभागृहात दरवेळी होणारा लाजिरवाणा प्रसंग टळला, ही सुधारणा खरी. पण वाढ ठरवण्यासाठी बाहेरची स्वतंत्र समिती नेमली गेली नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतनाची सांगड राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाशी घालणारे विधेयक चर्चेविना संमत झाले. त्याच वेळी माजी आमदाराचे निवृत्तिवेतन ४०,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांवर नेण्यात आले आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी त्यात २,००० रुपयांची भर ठेवण्यात आली. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाला आव्हान देणारी 'लोकप्रहरी' या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. हा विषय संसदेच्या अखत्यारीतील आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पंजाबने मात्र २०२२ साली कायदा बदलून, माजी आमदाराने कितीही वेळा निवडणूक जिंकली असली तरी निवृत्तिवेतन एकच मिळेल, असे ठरवले.

हे सगळे दरांबद्दल झाले. प्रत्यक्ष रकमेचे काय होते, हे पाहण्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तिका उघडावी. विधानमंडळाचा खर्च '२०११' या प्रधान लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या ठरावीक खात्याखाली, दाखवला जातो. त्यात वेतन, भत्ते, प्रवास अशा ठोक रकमा असतात, पण कोणत्या सदस्याच्या वाट्याला किती आले ते नसते. दैनिक भत्ता हजेरीवर अवलंबून असतो, प्रवासाची रक्कम प्रवासावर आणि वैद्यकीय प्रतिपूर्ती आजारपणावर, त्यामुळे एकाच दराने दोन आमदारांना वर्षभरात मिळणाऱ्या रकमांत मोठी तफावत पडू शकते. मुंबईतील मनोरा आमदार निवास पाडल्यानंतर सदस्यांना राहण्याच्या सोयीसाठी भाड्याची रक्कम देण्यात आली. ज्यांचे मुंबईत स्वतःचे घर आहे अशा सदस्यांनी ती घेतली का, हा अगदी साधा प्रश्न आहे आणि दरांचा तक्ता कितीही वेळा वाचला तरी त्याचे उत्तर मिळत नाही. कराच्या बाबतीतही असेच घडते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१७) ने दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता करमुक्त ठेवल्याने, करपात्र उत्पन्नाच्या आकड्यावरून सरकारकडून मिळालेल्या एकूण पैशाचा अंदाज येत नाही. उत्तर प्रदेशात तर १९८१ च्या एका कायद्यामुळे मंत्र्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जात होता. विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना आलेली ही तरतूद सुमारे चार दशके चालू राहिली आणि २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून ती उघड होताच काही दिवसांतच राज्य सरकारने ती बंद करण्याचे जाहीर केले. कायदा राजपत्रात छापलेला होता, म्हणजे तांत्रिक अर्थाने तो गुप्त नव्हताच. परंतु कोणाच्या नावावर किती रुपये भरले हे दरसाल लोकांसमोर आले असते, तर तो चाळीस वर्षे टिकला नसता.

या प्रश्नातील सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. तिथे लंडनबाहेरच्या मतदारसंघातील सदस्याला दुसऱ्या घराच्या खर्चासाठी वर्षाला सुमारे २४,००० पौंडांपर्यंत रक्कम मिळत असे आणि दीर्घकाळ २५० पौंडांखालच्या खर्चाला पावतीही लागत नसे. माहिती स्वातंत्र्याचा कायदा २००५ मध्ये अमलात आल्यावर पत्रकार हीदर ब्रूक यांनी काही सदस्यांच्या खर्चाचा तपशील मागितला. संसदेने तो नाकारला, प्रकरण न्यायाधिकरणाकडे आणि तिथून उच्च न्यायालयात गेले आणि मे २००८ मध्ये तपशील देण्याचा निकाल लागला. मधल्या काळात, २००७ साली, संसदेलाच या कायद्यातून वगळणारे खासगी विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले होते. वरिष्ठ सभागृहात त्याला पुरस्कर्ता मिळाला नाही म्हणून ते बारगळले. अधिकृत प्रसिद्धीची तयारी चालू असतानाच संपूर्ण माहितीची प्रत 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राच्या हाती लागली आणि ८ मे २००९ पासून ती रोज छापून येऊ लागली. त्याच महिन्यात सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. १६९५ नंतर असा प्रसंग सभापतीवर पहिल्यांदाच आला होता. पुढे काही सदस्यांना खोट्या देयकांबद्दल तुरुंगवास झाला आणि संसदीय विशेषाधिकाराची ढाल अशा फौजदारी खटल्यांत चालणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले.

तळ्यातील बदकांसाठीच्या छोट्या घराचे १,६४५ पौंडांचे देयक जगभर गाजले, जरी ती रक्कम प्रत्यक्षात दिली गेली नव्हती. प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १८ जून २००९ रोजी संसदेने जी अधिकृत कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्यांत सदस्यांच्या घरांचे पत्ते काळ्या पट्ट्यांनी झाकलेले होते. खरा गैरप्रकार नेमका पत्त्यांतच दडलेला होता: काही सदस्य आपले 'दुसरे घर' कोणते हे सोयीनुसार बदलत, आधी एका घराची डागडुजी सरकारी खर्चाने करून घेत आणि मग दुसऱ्या घराला तो दर्जा देऊन तिथला खर्च मागत. केवळ अधिकृत प्रत लोकांसमोर आली असती, तर रकमा दिसल्या असत्या पण ही अदलाबदल कोणालाही पकडता आली नसती. यातून मिळणारा धडा आपल्याकडे लागू करण्याजोगा आहे: प्रसिद्ध करायच्या तक्त्यात कोणते रकाने असावेत हे ठरवणाऱ्याच्या हाती प्रसिद्धीचे निम्मे सामर्थ्य असते. ब्रिटनने २००९ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. सदस्यांच्या खर्चाची मंजुरी, तपासणी आणि प्रसिद्धी त्याच्याकडे गेली आणि पुढे वेतन ठरवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. तरीही पावतीच्या मजकुराचा तक्ता पुरेसा आहे की पावतीची प्रतच द्यायला हवी, यावर या प्राधिकरणालाही न्यायालयात जावे लागले आणि प्रतीतून तक्त्यात न उतरणारी माहिती मिळते, म्हणून प्रत दिली पाहिजे, असा अपील न्यायालयाचा निकाल २०१५ मध्ये आला.

स्कॉटलंडच्या संसदेत हेच वादळ चार वर्षे आधी येऊन गेले होते. टॅक्सीच्या देयकांवरून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे तिथले नेते डेव्हिड मॅकलेची यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये नेतेपद सोडले आणि तिथल्या संसदेने सदस्यांचा खर्च स्वतःहून प्रसिद्ध करण्याची पद्धत स्वीकारली. शेजारच्या सभागृहाने हा शहाणपणा डोळ्यांसमोर असताना घेतला नाही, याची किंमत त्याने २००९ मध्ये मोजली.

जपानमधील अनुभव भत्त्यांच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे, कारण तिथे वाद ठोक भत्त्याचा होता, म्हणजे हिशेब न देता दरमहा मिळणाऱ्या ठरावीक रकमेचा. राष्ट्रीय संसदेच्या सदस्यांना वेतनाखेरीज दरमहा १० लाख येन असे मिळत. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी निवडून आलेल्या नव्या सदस्यांना त्या महिन्यातील एका दिवसासाठी पूर्ण १० लाख येन मिळाले, तेव्हा हा भत्ता देशाच्या लक्षात आला. २०२२ मध्ये तो दिवसांच्या हिशेबाने देण्याची आणि २०२४ च्या अखेरीस त्याचा विनियोग जाहीर करून उरलेली रक्कम परत करण्याची तरतूद झाली. स्थानिक पातळीवर तोयामा शहराच्या परिषदेचे उदाहरण अधिक जवळून पाहण्यासारखे आहे. २०१६ मध्ये परिषदेने स्वतःचे मानधन दरमहा १ लाख येनने वाढवण्याचे ठरवले. एका स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीच्या वार्ताहरांनी सदस्यांच्या कामकाज-निधीच्या पावत्या माहिती कायद्याखाली मागवल्या आणि ज्या बैठका झाल्याच नव्हत्या त्यांच्या छपाईखर्चाच्या पावत्या त्यांना सापडल्या. ४० पैकी १४ सदस्यांना राजीनामे द्यावे लागले. यात तपासयंत्रणेची अफाट ताकद कामी आलेली नाही. पावती मिळाली, ती घेऊन वार्ताहर सभागृहात आणि छापखान्यात विचारायला गेले, एवढेच घडले.

युरोपीय संसदेने याच्या उलट दिशा धरली. कार्यालयीन खर्चासाठी सदस्यांना दरमहा मिळणाऱ्या ४,००० युरोंहून अधिक रकमेचा तपशील पत्रकारांनी मागितला असता, तो देण्याचे बंधन नाही असा निकाल २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या सामान्य शाखेने दिला. ठोक भत्त्यात कागदच जमा होत नाहीत, तेव्हा द्यायचे काय, असा त्या युक्तिवादाचा एक भाग होता. म्हणजे हिशेब न ठेवण्याची पद्धत हीच हिशेब न देण्याचे कारण ठरली. ठोक भत्त्याला सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

तिसऱ्या वाटेचा, म्हणजे नागरिक किंवा व्यावसायिक म्हणून मिळणाऱ्या सरकारी पैशाचा अभ्यास अमेरिकेत शेती-अनुदानांच्या निमित्ताने झाला. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' या संस्थेने सरकारी नोंदी मिळवून अनुदानाच्या लाभार्थ्यांची नावनिशीवार यादी खुली केली आणि तिच्यात काँग्रेसचे सदस्यही सापडले. टेनेसी राज्यातील प्रतिनिधी स्टीफन फिंचर यांना १९९९ ते २०१२ या काळात ३० लाख डॉलरांहून अधिक शेती-अनुदान मिळाले होते आणि २०१३ मध्ये गरिबांच्या अन्नसाहाय्यात कपात करण्याची बाजू ते मांडत होते. त्यांनी काहीही बेकायदा केले नव्हते. पण मतदाराला ही दोन्ही माहिती एकत्र मिळणे किती आवश्यक असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. पीक विम्याच्या हप्त्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य मात्र तिथेही नावानिशी जाहीर होत नाही, आणि अनुदानाचा ओघ तिकडे जसजसा वळला तसतशी ही यादी अपुरी पडत गेली.

महाराष्ट्रात या वाटेवर काही अडसर आहेत. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून आणि २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतून आजी-माजी मंत्री, खासदार व आमदार यांना वगळले होते; केंद्राच्या पीएम-किसान योजनेतही तशीच अट आहे. परंतु वगळण्याची अट कागदावर असणे आणि ती पाळली जाणे यांत अंतर असते. २०१७ च्या योजनेत कोल्हापूर जिल्ह्यातील एका आमदाराच्या खात्यात, त्याने अर्जही केलेला नसताना, प्रोत्साहनाचे २५,००० रुपये जमा झाले आणि ही गोष्ट त्यानेच नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात उघड केली. त्याने ती सांगितली म्हणून कळली. लाभार्थी याद्या गावनिहाय आणि सहज शोधता येतील अशा खुल्या असत्या, तर ती सांगण्याची वाट पाहावी लागली नसती.

याहून मोठा पैसा संस्थांमार्फत जातो. सहकारी साखर कारखान्यात राज्य सरकारचे भागभांडवल असते, त्याच्या कर्जाला सरकारची थकहमी असते, म्हणजे कारखान्याने कर्ज थकवल्यास ते सरकारने फेडायचे असते, आणि कारखान्याच्या अध्यक्षस्थानी अनेकदा आमदार किंवा त्याचे कुटुंबीय असतात. अनुदानित शिक्षणसंस्थांचेही असेच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १० नुसार, सरकारचे २५ टक्के किंवा अधिक भागभांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक वा सचिव निवडणुकीस अपात्र ठरतो, मात्र त्या कलमातून सहकारी संस्था शब्दशः वगळलेल्या आहेत. सहकार हा सभासदांचा असतो, त्याला खासगी कंपनीच्या मापाने मोजू नये, हा त्यामागचा हेतू त्या काळी रास्त होता. अपात्रतेची अट आज लावावी असेही नाही, कारण तसे केल्यास ग्रामीण महाराष्ट्राचे अर्धे नेतृत्व बाद होईल आणि त्यातील कर्तबगार माणसेही जातील. पण ज्या संस्थेच्या निर्णयाधिकारावर आमदार आहे, तिला त्या वर्षी सरकारकडून किती भागभांडवल, किती अनुदान आणि किती रकमेची हमी मिळाली, हे त्या आमदाराच्या नावासमोर लिहिले जाण्यात सहकाराची कोणतीही हानी नाही. थकहमीच्या प्रस्तावावर बोलायला उभा राहिलेला सदस्य स्वतः कोणत्या कारखान्याचा अध्यक्ष आहे, हे गॅलरीत बसलेल्या पत्रकाराला आठवणीवर नव्हे, नोंदीवरून कळले पाहिजे.

सध्याची मुख्य नोंद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र, निवडणूक नियमांतील नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालातून ते आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'लोकप्रहरी'च्याच दुसऱ्या याचिकेवर न्यायालयाने उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटे जाहीर करण्याची अट त्यात घातली. ही फार मोठी प्रगती आहे. परंतु शपथपत्र पाच वर्षांतून एकदा दिले जाते, ते उमेदवार स्वतःच भरतो आणि त्याची पडताळणी करणारी कायमची यंत्रणा नाही. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते, तिच्यातही सदस्याने सांगितले तेवढेच येते. लाभाच्या पदाबद्दलचा कायदा याहून कडक आहे: जया बच्चन यांच्या २००६ च्या प्रकरणात, पदाचा आर्थिक लाभ प्रत्यक्ष घेतला की नाही हे महत्त्वाचे नसून तो मिळण्याजोगा होता का हे पाहिले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. इतकी काटेकोर कसोटी अपात्रतेसाठी लावणारी व्यवस्था प्रत्यक्ष दिलेल्या रकमांची साधी यादी मागत नाही, हे विचित्र आहे.

खोट्या देयकांचा धोका भारतात काल्पनिक नाही. प्रवास न करता बनावट विमान तिकिटे सादर करून २३ लाख रुपयांहून अधिक प्रतिपूर्ती घेतल्याबद्दल राज्यसभेच्या एका माजी सदस्याला दिल्लीतील न्यायालयाने २०२२ मध्ये दोषी ठरवले. ज्या तारखेला सदस्य विमानात असल्याचे देयक सांगते, त्या तारखेला तो कुठे होता हे मतदारसंघातील लोकांना माहीत असते. फक्त ते देयक त्यांना दिसत नाही.

खासगीपणाचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. वैद्यकीय प्रतिपूर्तीची रक्कम जाहीर व्हावी, आजार आणि रुग्णालय नव्हे. सुरक्षेवरचा खर्च सदस्यनिहाय देणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून ब्रिटनमध्ये तो एकत्रित दिला जातो. आकड्यांना संदर्भही हवा: गडचिरोलीच्या आमदाराचा प्रवासखर्च दादरच्या आमदारापेक्षा कितीतरी जास्त असणारच, आणि तो सर्वांत खर्चिक ठरला अशी बातमी करणे अन्यायाचे होईल. मात्र खासगीपणाची ढाल जितकी लांबवर न्यावी तितकी ती चुकीच्या माणसांना उपयोगी पडते. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(१)(जे) मध्ये, जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे तत्त्व होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमात केलेल्या दुरुस्तीत हे तत्त्व आणि त्याच कलमातील सार्वजनिक हिताचा अपवाद दोन्ही गळाले. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे, पण ती वापरायची म्हणजे नागरिकाला प्रत्येक वेळी अपिलांची पायरी चढावी लागेल. अर्जावर माहिती मिळणे आता अधिक कठीण होणार असेल, तर ती मुळातच स्वतःहून प्रसिद्ध करण्याचा आग्रह अधिक महत्त्वाचा ठरतो.

त्यासाठी लागणारी व्यवस्था अवघड नाही. नोंद पैसे घेणाऱ्याने द्यायची नसून पैसे देणाऱ्याने, म्हणजे कोषागाराने आणि विधानमंडळ सचिवालयाने प्रसिद्ध करायची. ती दर तिमाहीला, सदस्याच्या नावाने, तारीख, बाब आणि रक्कम यांसह मराठीत द्यायची. नामंजूर झालेली देयकेही तिच्यात दाखवायची. आणि सदस्य व त्याचे जवळचे कुटुंबीय ज्या संस्थांच्या संचालक मंडळावर आहेत त्यांना मिळालेले सरकारी साहाय्य त्याच पानावर जोडायचे. माजी सदस्यांचे निवृत्तिवेतनही यातून सुटू नये, कारण ते आयुष्यभर चालते. प्रत्येक देयक आजही कोषागारात नोंदवले जाते, म्हणजे नवी माहिती गोळा करण्याचा प्रश्नच नाही. आमदारांचे वेतन ठरवणारा १९५६ चा कायदा विधानमंडळाने आजवर अनेकदा दुरुस्त केला आहे. त्यात प्रसिद्धीचे एक कलम घालण्याचा अधिकारही अनुच्छेद १९५ खाली त्याच विधानमंडळाला आहे, आणि पुढचे वेतनवाढीचे विधेयक येईल तेव्हा ते कलम त्यात असावे, ही मागणी मतदारांनी आपल्या आमदाराकडे आधीच लेखी नोंदवून ठेवावी.